वाल्टिट्से ते लेडनिट्से: लिख्टेनश्टाइन घराण्याच्या मुलखातून पायी

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण मोराव्हियात लिख्टेनश्टाइन या राजघराण्याचे एकेकाळचे दोन राजवाडे आहेत, वाल्टिट्से आणि लेडनिट्से. बहुतेक सहली थेट लेडनिट्सेला उतरतात, वाडा बघतात आणि परत फिरतात. मला विचाराल तर वाल्टिट्सेहून चालत निघा. इथे दोन वाड्यांमधला अख्खा मुलूख, शेतं, तळी, रान सगळं धरून, एकच बाग समजून आखलेला आहे. वारसाक्षेत्र जवळजवळ २८३ चौरस किलोमीटरचं, १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत. गाडीतून त्याचा अंदाजही येत नाही.

आम्ही ब्रनोहून रेल्वेने ब्रझेत्स्लावला आणि तिथे गाडी बदलून वाल्टिट्सेला गेलो. सोमवार मुद्दाम टाळला, कारण त्या दिवशी वाड्यांची दालनं सहसा बंद असतात. वाटेची काळजी करायचं कारण नाही. झाडांवर, खांबांवर दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक रंगीत पट्टी रंगवलेली असते. आपला रंग धरून चालायचं.

आधी उलट्या दिशेला, गावाच्या दक्षिणेची टेकडी चढलो. माथ्यावर राइस्टना हा उंच खांबांचा मंडप आहे. योहान पहिला या राजपुत्राने तो वडिलांच्या आणि भावांच्या स्मरणार्थ बांधला. पलीकडे लगेच ऑस्ट्रिया. कम्युनिस्ट राजवटीत ही जागा सरहद्दीच्या बंद पट्ट्यात होती, सामान्य माणसाला इथे येता येत नसे. आता पायऱ्यांवर बसून कुणीही डबा उघडतो. आम्हीही उघडला.

मग रान लागतं. ऐन झाडीत रांदेव्हू नावाची विजयकमान उभी आहे आणि तिच्या पोटात चक्क दिवाणखाना. शिकारीला निघालेली मंडळी इथे जमायची. पुढे तळ्यांची रांग. एका काठावर तीन देवतांचं अर्धवर्तुळाकार मंदिर, तर आणखी एका तळ्याकाठी १८२६-२७ मध्ये बांधलेला सीमेवरचा छोटा वाडा. तो जिथे आहे, तिथून मोराव्हिया आणि लोअर ऑस्ट्रिया यांची हद्द जायची. वाल्टिट्से गाव १९२० पर्यंत ऑस्ट्रियातच होतं.

लेडनिट्सेच्या बागेत शिरल्यावर मात्र पाय आपोआप मिनाराकडे वळतात. साठ मीटर उंच, १७९७ ते १८०४ मध्ये बांधलेला. शेजारी मशीद नाही, इथे कधी नमाजही झाला नाही; दूरवरून नजर खेचून घ्यावी एवढंच त्याचं काम. वास्तुकार योसेफ हार्टमुथ. हो, तेच पेन्सिलवाले! त्यांच्याच कारखान्याच्या पेन्सिली पुढे कोह-इ-नूर नावाने जगभर गेल्या. जमीन दलदलीची, म्हणून पाया लाकडी खुंटांवर घातला. ३०२ पायऱ्या गोल गोल चढताना भिंतीला हात घासतो, मधूनच झरोक्यातून वारा येतो आणि वरच्या सज्जात आल्यावर समोर तळं, बेटं आणि बरोबर रेषेत वाडा. मधली झाडं त्या रेषेसाठी बाजूला ठेवली आहेत, हे वरूनच कळतं. ही बेटंसुद्धा माणसांनी केलेली: दीए नदीच्या पुरात बाग बुडायची, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तळं खोदून त्याच मातीने जमीन उंच केली. मला सगळ्या इमारतींपेक्षा हे मातीकाम मोठं वाटलं.

१९४५ मध्ये ही सारी मालमत्ता जप्त झाली. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधलं लिख्टेनश्टाइन हे चिमुकलं संस्थान १७१९ पासून याच घराण्याचं, पण राज्यकर्ता राजपुत्र तिथे कायमचा राहायला गेला तो थेट १९३८ मध्ये. तोवर त्यांचा मुक्काम व्हिएन्नात आणि इथे.

वेळ कमी असेल तर लेडनिट्सेच्या वाड्यातला कोरीव लाकडी जिना आणि बाजूचं काचेचं हरितगृह एवढं बघा, बाकीची दालनं सोडा. पण राइस्टना आणि मिनार सोडू नका. मिनार हिवाळ्यात बंद असतो, तेव्हा मे किंवा सप्टेंबर धरा, आणि वाल्टिट्सेहून सकाळी लवकर निघा. आम्हाला सगळं फिरायला पूर्ण दिवस लागला.