बागेतून सायकल नको, म्हणणारे सायकलस्वार

विरोध म्हटला की बेळगावकराच्या डोळ्यांसमोर हलगा-मच्छे बायपास उभा राहतो: उभ्या पिकात घातलेली यंत्रे, पोलीस बंदोबस्त, न्यायालयाची स्थगिती आणि सुपीक जमीन सोडायला तयार नसलेले शेतकरी. त्या मानाने दक्षिण इंग्लंडातील आमच्या शहरात गेल्या हिवाळ्यापासून चाललेला वाद किरकोळ वाटेल. सार्वजनिक बागेतील एक पायवाट रुंद करून ती पादचारी आणि सायकलस्वार यांना सामाईक करावी, एवढाच इथल्या महापालिकेचा प्रस्ताव होता. कोणाची गुंठाभरही जमीन जाणार नव्हती. तरीही बागेच्या कुंपणावर निषेधाचे फलक लागले, दारोदार सह्या गोळा झाल्या आणि एरवी हवापाण्यापलीकडे न बोलणारे शेजारी एकमेकांशी तावातावाने भांडू लागले. या वादात मी गुंतले त्याचे कारण असे, की विरोधकांत सायकलचा राग करणारे थोडे होते आणि रोज सायकल चालवणारे बरेच.

बाग उताराची आहे. वरच्या फाटकापाशी वस्ती आणि शाळा, तर खालच्या फाटकाबाहेर रेल्वे स्थानकाकडे जाणारा रस्ता. दोन्हींना जोडणारी डांबरी पायवाट जेमतेम दोन मीटर रुंद असून तिच्या दुतर्फा जुनी झाडे आहेत. ती तीन मीटर करायची, दिवे बसवायचे आणि निळ्या वर्तुळात पांढरा पादचारी व पांढरी सायकल असलेली पाटी लावायची, अशी योजना होती. इंग्लंडात अशा पाट्या दोन प्रकारच्या असतात. दोन चित्रांच्या मध्ये उभी रेघ असेल तर दोघांच्या बाजू वेगळ्या. रेघ नसेल तर सगळी वाट सगळ्यांची. आमचा सगळा वाद या बिनरेघेच्या पाटीचा होता.

हरकती मागवणारे पत्रक घरोघर आले तेव्हा बाबा बेळगावच्या टिळकवाडीहून आमच्याकडे आलेले होते. हा मजकूर इतर भाषांत हवा असल्यास तसे कळवावे, अशी ओळ पत्रकाच्या तळाशी होती. मराठीतून कागदपत्रे मिळावीत म्हणून निवेदने देण्यात ज्यांची उमेद सरली त्या बाबांनी ती ओळ चष्मा पुसून पुन्हा वाचली. मूळ प्रस्तावाकडे त्यांचे लक्ष नंतर गेले. अर्थात त्यांना तो वाचून समजून घेण्याची गरजही नव्हती. तिथल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातल्या झाडांखालून रोज सकाळी फेरी मारणारा हा माणूस इथेही दोन्ही हात पाठीमागे बांधून वाटेच्या मधोमध चालायचा, आणि मनाई असूनही त्या उतारावरून सायकली येतच होत्या. एकदा एक सायकल त्यांच्या कोपराला चाटून गेली, तीही इतकी बिनआवाज, की ती पुढे निघून गेल्यावर ते दचकले. ‘घंटी वाजवायला काय धाड भरलीय ह्यांना?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. इथे नवी सायकल विकताना तिला घंटी लावलेली असणे नियमाने बंधनकारक आहे. घरी नेल्यावर ती काढून टाकली तर मात्र नियम आड येत नाही. हल्ली त्यात विजेवरच्या सायकलींची भर पडली आहे. त्यांच्या मोटरची मर्यादा अडीचशे वॉट असून ताशी सुमारे पंचवीस किलोमीटरला तिची मदत थांबते, असे प्रस्तावाचे समर्थक सांगत. परंतु उतारावर मुळात मदत लागते कोणाला?

जाहीर बैठकीत सर्वांत नेमके बोलल्या त्या मार्गदर्शक कुत्र्याच्या साथीने चालणाऱ्या एक अंध बाई. त्यांनी सांगितले, की जिथे बाजू वेगळ्या असतात तिथे सुरुवातीला पायाला जाणवणाऱ्या उंच पट्ट्यांच्या फरशा बसवतात. पादचाऱ्यांच्या बाजूला पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असतात, तर सायकलच्या बाजूला त्या वाटेच्या दिशेने जातात, त्यामुळे बुटाच्या तळव्यालाही आपली बाजू कळते. सामाईक वाटेवर अशी आपली बाजूच नसते. कुत्रा समोरचा अडथळा टाळतो, पण मागून येणाऱ्या सायकलचे तो काय करणार? सायकलस्वार सौजन्याने वागतील, या आश्वासनावर त्यांचे उत्तर असे होते, की सौजन्य दिसणाऱ्या माणसालाच उपयोगी पडते, कारण सायकलस्वार त्याच्या नजरेला नजर देऊन बाजूला होतो.

गंमत अशी, की विरोधकांचे सर्वांत धारदार हत्यार सायकलस्वारांसाठीच घडवलेले होते. केंद्रीय वाहतूक खात्याने जुलै २०२० मध्ये सायकलमार्गांच्या आखणीची नवी मार्गदर्शिका काढली. सायकल हे वाहन आहे, तिला पादचाऱ्यात जमा करू नये आणि शहरातल्या रस्त्यांवर दोघांना एकमेकांपासून प्रत्यक्ष वेगळे ठेवावे, हे तिचे मूळ सूत्र. पदपथावर रंगाचा एक फराटा मारून सायकलमार्ग झाल्याचे जाहीर करण्याची जुनी खोड मोडण्यासाठी सायकलस्वारांना हे सूत्र हवे होते. महापालिकेच्या अभियंत्यांनी त्याच मार्गदर्शिकेतला दुसरा भाग दाखवला: बागा आणि कालव्याकाठच्या वाटा अशा ठिकाणी सामाईक वापर चालू शकतो, मात्र किमान रुंदी तीन मीटर हवी. नियमात ते बरोबर होते. शाळा सुटण्याच्या वेळी बाबागाड्या, लहान मुले आणि लांब दोरीवरची कुत्री त्या उतारावर एकत्र पाहिली असती, तर त्यांनी ‘किमान’ या शब्दावर इतका भार टाकला नसता.

लंडनच्या रीजंट्स पार्कचा दाखलाही वारंवार दिला गेला. तिथे २०२२ मध्ये सायकलची धडक बसून एका वृद्ध महिलेचा मृत्यू ओढवला. सायकल तिथल्या वेगमर्यादेपेक्षा जास्त वेगात होती, परंतु ती मर्यादा मोटारींना लागू असून सायकलींना नाही, आणि बेफाम सायकलस्वारावर लावण्यासाठी हाताशी होते ते घोडागाड्यांच्या जमान्यातले १८६१ चे कलम. ही घटना बागेभोवतीच्या रस्त्यावर घडली, पायवाटेवर नव्हे, त्यामुळे आमच्या वादात तिचा पुरावा म्हणून फारसा उपयोग नव्हता. ब्रिटनमध्ये दरवर्षी काही शेकडा पादचारी रस्त्यांवर मरतात आणि त्यांतले सायकलच्या धडकेने मरणारे हाताच्या बोटांवर मोजता येतात. नव्या दिव्यांचा वटवाघळांना त्रास होईल, हा मुद्दा तर मला ओढूनताणून आणलेला वाटला. १९८१ च्या कायद्याने त्यांना इथे संरक्षण आहे हे खरे, पण दिवे कमी उंचीचे आणि मंद बसवले की तो प्रश्न बराचसा मिटतो. झाडांचे तसे नाही. खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येपर्यंत मुळांचे क्षेत्र धरावे, असे इथले मानक सांगते, आणि त्या हिशेबाने रुंद केलेली वाट जवळजवळ प्रत्येक जुन्या झाडाच्या मुळांवरून जाणार होती.

या सगळ्या गदारोळात ज्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हते तो बागेला लागून जाणारा रस्ता. स्थानकाकडे जायला तो सरळ आहे, त्याचा चढही सौम्य आहे आणि दोन्ही कडांना दिवसरात्र मोटारी उभ्या असतात. सायकलसाठी जागा काढायची तर ती तिथे आहे, हे अभियंत्यांना ठाऊक नव्हते असे मी मानत नाही. मोटारी हलवल्या तर मते जातात. बाग मात्र मतदान करत नाही. म्हणून मोटारीला हात न लावता उरलेल्या दोन मीटरसाठी चालणारा आणि सायकलवाला यांनी आपसांत भांडायचे, अशी ती मांडणी होती.

शेजारच्या ब्रिस्टलमध्ये, जिथे राजा राममोहन रॉय यांचे १८३३ मध्ये निधन झाले, याच्या नेमके उलटे घडले होते. तिथून बाथपर्यंत जुन्या लोहमार्गाच्या जागी तेरा मैलांची सामाईक वाट आहे. २००८ मध्ये तिच्या काही भागावरून बस नेण्याचा विचार पुढे आला तेव्हा चालणारे आणि सायकलवाले एकत्र उठले आणि तो बेत बारगळला. त्या वाटेवरही दोघांची कुरबुर चालते, तरी दोघांनाही ती आपली वाटते, कारण तिने कोणाची शांत जागा हिरावून घेतली नव्हती.

हे वाचताना तुम्हाला आपले रस्ते आठवतील. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत २०१६ मध्ये बेळगावचे नाव आले आणि नव्या रस्त्यांच्या कडेला सायकलसाठी पट्ट्या आखल्या गेल्या. मी आले तेव्हा त्यांच्यावर मला मोटारी आणि दुचाक्या उभ्या केलेल्या दिसल्या. उद्यमबागेतल्या कारखान्यांत येळ्ळूर-मच्छेहून हँडलला डबा अडकवून सायकलने येणारे कामगार मी लहानपणी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी पट्टी नव्हती, आणि पट्टी आली तोवर त्यांतले बरेच मोटारसायकलवर बसले होते. आपल्याकडे जागा आखून दिली आणि मोटारीने ती घेतली. इथे ती आखायचीच वेळ मोटारीने येऊ दिली नाही.

वसंतात महापालिकेच्या समितीने बागेतला प्रस्ताव मागे घेतला. सुधारित आराखड्यात रस्त्याच्या एका बाजूचे पार्किंग काढून तिथे दगडी कठड्याने वेगळा केलेला सायकलमार्ग दाखवला असून बागेतली वाट आहे तशी पादचाऱ्यांकडे राहणार आहे. मी त्याच्या बाजूने लेखी मत दिले आहे. माझ्याबरोबर दारोदार सह्या गोळा करणारे, स्वतः रोज सायकलने कामावर जाणारे शेजारचे गृहस्थ मात्र आता दुसऱ्या गोटात आहेत. त्यांच्या खिडकीत पार्किंग वाचवण्याचा फलक लागला आहे. त्यांची मोटार त्याच बाजूला उभी असते, आणि आठवड्याचा बाजारहाट रस्ता ओलांडून आणायला लागेल, असे ते सांगतात. हरकतींची मुदत पुढच्या महिन्याच्या अखेरीस संपते आहे, आणि या वेळच्या सह्यांची संख्या बागेच्या वेळेपेक्षा मोठी होईल असे दिसते.