समुपदेशनात दुखावलं गेलात तर

समुपदेशनाची एक भेट साधारण 45 ते 50 मिनिटांची असते. सगळ्यात अवघड विषय शेवटच्या पाच मिनिटांत काढला, तर ते सगळं तसंच घेऊन घरी जावं लागतं आणि रात्री झोप लागत नाही. म्हणून तो पहिल्या अर्ध्या तासात काढा. शेवटची दहा मिनिटं सावरायला ठेवा: पाय जमिनीवर टेकलेले, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ.

बरेच जण काही भेटींनंतर न सांगता जायचं बंद करतात. अनेकदा समुपदेशकाचं एखादं वाक्य लागलेलं असतं. माझ्या मते खरं काम तिथेच सुरू होतं. पुढच्या भेटीत एवढंच म्हणा, "मागच्या वेळी तुम्ही जे बोललात, त्याचं मला वाईट वाटलं." चांगला समुपदेशक स्वतःची बाजू लढवत बसत नाही, ऐकतो, चुकलं असेल तर मान्य करतो. लहानपणी तक्रारीच्या बदल्यात मार किंवा अबोला मिळालेल्या माणसाला, राग बोलूनही नातं टिकतं हे इथे पहिल्यांदा कळू शकतं. उलट तुम्हालाच दोष दिला, तर खुशाल समुपदेशक बदला.

घरात-मैत्रीत विश्वास ठेवताना आधी किरकोळ गोष्ट सांगा आणि ती चारचौघांत जाते का ते पाहा. गेली नाही, तर थोडी मोठी सांगा. "उपाय नको, फक्त ऐक" हे आधीच बोलून ठेवा, नाहीतर आपली माणसं प्रेमापोटी लगेच सल्ले सुरू करतात.

जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र, मोफत चालतो. मराठीतही बोलता येतं.