गहाण पडलेला बिल्ला

मोडी कागद वाचून देवनागरीत उतरवून देणं हे माझं काम. अलीकडे येणारे बहुतेक जण जातपडताळणीसाठी येतात. जुन्या कागदात पूर्वजाचं नाव आणि जात सापडते का, एवढंच त्यांना हवं असतं. सोलापुरातल्या लष्कर भागातले एक सत्तरीचे काका त्याच कामासाठी आले, सोबत सूनबाई. पिशवीत पिवळे पडलेले थोडे कागद आणि फडक्यात बांधलेली चांदीची एक वस्तू.

"ह्यात जात लिहिली हाय का, तेवढं बघा सर," काका म्हणाले. "आमचे खापरपणजोबा पेशव्यांच्या फौजेत होते. इथल्या किल्ल्यावर इंग्रजांशी लढले. त्यांचा बिल्ला हाय हा, देवात असतो."

किल्ल्यावरची ती लढाई मे १८१८ ची, जनरल मन्रोने सोलापूर घेतलं तेव्हाची. पिढ्या मोजल्या तर काकांचे खापरपणजोबा तेव्हा जन्मलेलेही नसावेत. मी काही बोललो नाही. आधी फडकं सोडलं.

बिल्ल्यावर हळदीकुंकवाचा जाड थर होता. काकांना विचारून मऊ कापडाने हलकेच पुसला. मधोमध राणी व्हिक्टोरियाचं लहानसं मस्तक, भोवती नऊ टोकांची चांदणी, दर दोन टोकांच्या बेचक्यात एक इंग्रजी अक्षर. भिंगाखाली बोट फिरवत सूनबाईंनीच अक्षरं जुळवली : अ‍ॅबिसिनिया. मागच्या बाजूला पानांच्या वेढ्यात पलटणीचा आकडा आणि शिपायाचं नाव. ते नाव काकांना तोंडपाठ होतं.

अ‍ॅबिसिनिया म्हणजे आपल्या जुन्या कागदांतलं हबसाण, आजचं इथिओपिया. तिथल्या थिओडोर राजाने इंग्रजांच्या वकिलाला, म्हणजे दूताला, आणि इतरांना कैदेत टाकलं, म्हणून मुंबई फौजेचा सेनापती रॉबर्ट नेपियर १८६७-६८ मध्ये सुमारे १३ हजारांचं सैन्य घेऊन निघाला. त्यात आपल्या मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. समुद्रकाठी गोडं पाणी नव्हतं, तर आगबोटींवर खारं पाणी उकळून वाफेचं पाणी करायचे. तोफा वाहायला इथून ४४ हत्ती नेले. किनाऱ्यापासून मगदलाच्या किल्ल्यापर्यंत डोंगरातली जवळजवळ ४०० मैलांची चाल. १३ एप्रिल १८६८ ला किल्ला पडला, राजाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्या चालीत सोलापूरचा हा शिपाई होता; बिल्ला म्हणजे त्या मोहिमेचं पदक.

"म्हणजे इंग्रजांचे नोकर," काका म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. मला वाईट वाटलं. पण मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि आजही तेच म्हणेन : कोरडवाहू मुलखातला माणूस पगारासाठी पलटणीत गेला, समुद्र ओलांडून गेला आणि जिवंत परत आला, यात मान खाली घालावी असं काही नाही.

मग कागद उघडले. बरेचसे शेतसाऱ्याच्या पावत्या निघाल्या. एक मात्र सावकाराची गहाणचिठ्ठी होती, धाता नाम संवत्सर, शके १७९८, मार्गशीर्ष. म्हणजे १८७६ ची अखेर. त्या साली पाऊस गेला आणि १८७८ पर्यंत दख्खनची दैना झाली. सोलापूर जिल्हा त्या दुष्काळात होरपळून निघाला. गहाण ठेवणाऱ्याच्या जागी एका बाईचं नाव होतं, "कोम मयत", म्हणजे मयताची बायको, असं लिहून पुढे शिपायाचं नाव. म्हणजे दुष्काळ पडला तेव्हा तो हयात नव्हता. संसार एकट्या बाईवर आलेला. खाली जिन्नस : चांदीचे गोठ, जोडवी, तांब्याची घागर, आणि शेवटी "चांदीचा बिल्ला एक".

बिल्ल्याच्या ओळीवर आडवी रेघ होती आणि शेजारी बारीक, वेगळ्या शाईत : शके १८०१, सोडवून नेला. बाकी जिनसांवर रेघ नाही.

मी ती ओळ पुन्हा वाचून दाखवली. दुष्काळ सरल्यावर तिच्या हाती थोडे पैसे आले, तेव्हा तिने स्वतःचे गोठ सोडवले नाहीत, पाण्याची घागरही नाही. नवऱ्याचा बिल्ला सोडवला. घरात दीडशे वर्षं त्या शिपायाच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, हिचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. ती नसती तर बिल्ला कधीच मुशीत गेला असता. काकांना एवढंच ऐकून माहीत होतं की पणजोबा पोरवयात जुन्या गिरणीत लागले. ही गिरणी १८७७ ची. हिशेब जुळतो : तो हिचाच मुलगा, आणि बिल्ल्याचे पैसे बहुधा त्याच्या पगारातले.

जात कुठल्याच कागदात नव्हती. त्यासाठी गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, बघायला हवं, ते त्यांना सांगितलं. सूनबाईंचं लक्ष त्यात नव्हतं. त्यांनी पर्समधून वंशावळीचा कागद काढला, सगळी पुरुषांचीच नावं असलेला, आणि खापरपणजोबांच्या शेजारी त्या बाईचं नाव माझ्याकडून लिहून घेतलं. मग विचारलं, "ह्यांच्या नोकरीचे कागद कुठे मिळतील?" मुंबईचं पुराभिलेखागार आहे, आणि पदकं दिलेल्यांच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, असं सांगितलं. बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो त्यांनी माझ्या टेबलावरच काढले. लंडनला पाठवायच्या पत्राचा मसुदा आम्ही आता मिळून करतो आहोत.