तुमचा ट्यूमर सिरिंजमधून पाठवतोय

लग्नकार्यात हमखास विचारतात, नवीन रेसिडेंट तर पहिल्या महिन्यातच विचारतात, की मॅडम एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, वर मेंदूच्याच रेडिओलॉजीत एवढी वर्षं घातलीत, मग बाहेर सेंटर टाकायचं सोडून सरकारी कॉलेजात का राहिलात? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. समाजसेवा वगैरे काही नाही हो.

मी नवीन लेक्चरर होते तेव्हाची गोष्ट. एमआरआय नव्हता आमच्याकडं, फक्त सीटी. पन्नाशीचे एक गृहस्थ, फिट येऊन आलेले, कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते रंगद्रव्यासारखं औषध) दिल्यावर मेंदूत एक गोल अंगठी चमकली. मी ठोकून लिहिलं, घातक ट्यूमर. घरच्यांना कुणीतरी ते सांगूनही टाकलं, बाहेर रडारड. दोन दिवसांनी ओटीतून सर्जनचा फोन, "मॅडम, तुमचा ट्यूमर सिरिंजमधून पाठवतोय, कल्चरला." पू होता! साधा ॲब्सेस, म्हणजे जंतुसंसर्गानं झालेलं गळू. ते गृहस्थ अँटिबायोटिक घेऊन घरी गेले, आणि मला आनंद होत होता की लाज वाटत होती तेच कळेना.

आता हाच रिपोर्ट मी बाहेरच्या सेंटरवर दिला असता तर? पाकीट घेऊन पेशंट गेला की गेला. पुढं काय निघालं हे मला कुणी सांगितलं नसतं आणि मी आजही तेवढ्याच ठामपणे ट्यूमर ट्यूमर लिहीत बसले असते. कॉलेजात सर्जन एक मजला वर, पॅथॉलॉजी मागच्या बिल्डिंगमध्ये, आणि दर आठवड्याच्या मीटिंगला तुमचा रिपोर्ट सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात. (चहा वाईट असतो, तरी कुणी चुकवत नाही.)

सीटीचा जन्मसुद्धा असाच झालाय. 1 ऑक्टोबर 1971, लंडनच्या विम्बल्डनमधलं ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटल, हाउन्सफील्ड नावाच्या इंजिनिअरचं मशीन, चित्र म्हणजे 80 गुणिले 80 चौकोन. म्हणजे आजच्या मानानं रांगोळीच्या ठिपक्यांचा कागद. त्यात एका बाईंच्या मेंदूत गाठ दिसली, पण सर्जननं उघडून बघितलं आणि हुबेहूब तसंच निघालं, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. 1979 चं नोबेल ही नंतरची गोष्ट.

पुढं एमआरआय आला, त्यात डिफ्युजन आलं, म्हणजे पेशींमधलं पाणी किती मोकळं हलतं ते दाखवणारं चित्र. पू घट्ट असतो, त्यातल्या पाण्याला हलायला जागा नसते, म्हणून तो डिफ्युजनवर पांढराशुभ्र दिसतो, ट्यूमरचा कुजलेला मधला भाग बहुधा काळा. हा "बहुधा" शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आणि आपल्याकडं अंगठी दिसली की टीबी आणि सिस्टिसर्कोसिस (जंताच्या अळीची सिस्ट) आधी आठवायचे. अंगठीत एका कडेला खड्यासारखा ठिपका असेल तर ते जंताचं डोकं. मागं एक फर्स्ट इयरवाला रेसिडेंट म्हणाला, मॅडम, पेशंट माळकरी आहे, पोर्कचा संबंधच नाही. अरे बाबा, कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं तर जंत आतड्यात होतो, मेंदूत सिस्ट होते ती त्या जंताची अंडी पोटात गेल्यामुळं, आणि अंडी येतात ज्याच्या पोटात जंत आहे त्या माणसाच्या विष्ठेतून, म्हणजे न धुतलेल्या कोथिंबिरीवरून नाहीतर वाढणाऱ्याच्या हातावरून. माळ बघून अंडी थांबत नाहीत.

परवा संध्याकाळी तोच मुलगा ओटीच्या दाराशी चपला काढून उभा दिसला, आत काय निघालं ते विचारायला. मी पाठवलं नव्हतं. रिपोर्टमध्ये त्यानं ग्लायोमा, म्हणजे मेंदूचा ट्यूमर, लिहिला होता, खाली माझी सही. फ्रोझनमध्ये, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून करतात त्या तपासणीत, टीबीची गाठ निघाली. आता गुरुवारच्या मीटिंगला आम्ही दोघं पहिल्या रांगेत.