फुकटच्या डेटाबेसची एएमसी

आमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस या फुकट मिळणाऱ्या डेटाबेसवर चालतं. ऑडिटरने शेरा मारला, 'डेटाबेसला अधिकृत सपोर्ट नाही', आणि एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची, कोटेशनं मागवायचं काम माझ्याकडे आलं. चेअरमनसाहेबांचा पहिलाच प्रश्न : "अहो, फुकट आहे ना? मग पैसे कशाचे?"

कोटेशनं आली, पण तुलना करणं कठीण. कुणाचा दर प्रोसेसरच्या कोअरमागे, कुणाचा सर्व्हरमागे, तर कुणी तासांचं पॅकेज विकत होतं. मोठ्या अक्षरात '१५ मिनिटांत प्रतिसाद'. प्रतिसाद म्हणजे फोन उचलणं. दुरुस्ती कधी, यावर सगळे गप्प. एका कंपनीने स्टँडबाय सर्व्हरलाही, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद पडला तर वापरायच्या राखीव सर्व्हरलाही, पूर्ण दर लावला होता. दुसरी कंपनी त्याचं काहीच घेत नाही म्हटल्यावर तो आकडा लगेच गळला. पोस्टग्रेस कुणा एकाच्या मालकीचं नाही, म्हणून ही घासाघीस जमते. २०२० मध्ये पोस्टग्रेसचा सपोर्ट विकणाऱ्या ईडीबीने तशीच दुसरी कंपनी सेकंडक्वाड्रंट विकत घेतली, तेव्हा पोस्टग्रेसचा प्रकल्प सांभाळणाऱ्या पाच जणांच्या कोअर टीममध्ये तिघे एकाच कंपनीचे झाले. निम्म्याहून जास्त एका कंपनीचे नकोत, हा तिथला संकेत. म्हणून बाहेरचे आणखी दोघे घेतले गेले. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं तसं नाही. ते २००८ मध्ये सन कंपनीकडे आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे गेलं.

मी सगळ्यांना एकच विचारलं : आमच्यासाठी बग दुरुस्त केलात, तर तो पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, मूळ पोस्टग्रेसमध्ये पाठवणार की तुमच्याच बिल्डमध्ये, म्हणजे तुम्ही बदललेल्या पोस्टग्रेसमध्ये, ठेवणार? 'आमच्या खास बिल्डमध्ये' म्हणणाऱ्याला मी यादीतून काढलं. ते बिल्ड वाईट असतं असं नाही, पण उद्या सपोर्ट बदलायचा तर आधी डेटाबेस बदला, ही भानगड कोण करणार?

उरलेल्यांची परीक्षा घेतली. बॅकअप आणि वॉल फाइल्स (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) यांची नावं-खाती झाकलेली प्रत दिली आणि म्हटलं, दुपारी ठरलेल्या मिनिटाला डेटा जसा होता तसा उभा करून दाखवा. एकाचा सेल्समन गोड बोलत राहिला, इंजिनिअर आलाच नाही. दुसऱ्या कंपनीकडून आलेल्या इंजिनिअर मुलीने रिस्टोअर करून दिलंच, वर आमची एक वॉल फाइल वेळेवर कॉपी होत नाही हेही दाखवलं. दर तिच्या कंपनीचा सर्वांत कमी नव्हता, त्यामुळे 'एल-वन (सर्वांत कमी दरवाला) का नाही?' यावर सभेत बरंच झालं. मी रिस्टोअरचा अहवाल टेबलावर ठेवला. करार झाला तो एक वर्षाचा, आणि पोस्टग्रेसच्या आवृत्तीला मिळणाऱ्या दुरुस्त्या ती आल्यापासून पाच वर्षांनी बंद होतात, त्याआधी अपग्रेड त्यांनीच करायचं, या अटीवर. चेअरमनसाहेबांनी सही करताना एवढंच विचारलं, "जीएसटी धरून ना?"