तुम्ही विचारलंत म्हणून: बास्करव्हिलची टेलिफिल्म कोल्हापुरात करायची तर?

इथली नाटकवाली तरुण मंडळी हे सारखं विचारतात. शेरलॉक होम्सची ती कुत्र्याची कादंबरी, ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’, मराठीत नव्वद मिनिटांत बसवायची, तर सुरुवात कुठून करायची?

हक्कांची अडचण नाही. कॉनन डॉयल 1930 साली वारले आणि आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी हक्क संपतात. फक्त मूळ इंग्रजीवरून लिहा, कारण मराठी अनुवादाचे हक्क वेगळे असतात.

प्रकरणं 15 आहेत, पण प्रकरणवार पटकथा लिहू नका. आधी दुव्यांची यादी करा. प्रत्येक दुवा पडद्यावर दोनदा यायला हवा. पहिल्यांदा बिनमहत्त्वाचा वाटून निघून जाईल असा, दुसऱ्यांदा अर्थासकट. बास्करव्हिल घराण्याचा वारस सर हेन्री, त्याचे बूट घ्या. लंडनच्या हॉटेलात आधी नवा तपकिरी बूट हरवतो, मग जुना काळा जातो आणि नवा परत सापडतो. कुत्र्याला सर हेन्रीच्या मागावर सोडायचं तर त्याचा वास हवा आणि न वापरलेल्या बुटाला माणसाचा वास नसतो, सगळी मेख तिथं आहे. बुटाचा क्लोजअप घेऊन खाली संगीत वाजवलंत की खेळ संपला. सर हेन्री वेटरवर भडकतो, त्या भांडणातच बूट दिसू द्या. तपकिरी रंग मात्र फिकट निवडा, रात्रीच्या प्रकाशात गडद तपकिरी काळाच दिसतो.

सगळ्यात अवघड मधला भाग. सहाव्या प्रकरणापासून अकराव्याच्या अखेरपर्यंत होम्स जवळजवळ गायब असतो. घाबरून त्याला मध्येच लंडनमध्ये दाखवू नका, त्याचं नसणं हीच भीती आहे. या काळात त्याचा मित्र वॉटसन त्याला पत्रं लिहितो. ती निवेदनात वाचून दाखवण्यापेक्षा वॉटसनचे चुकीचे तर्क कृतीतून येऊ द्यात. चांदण्यात टेकडीवर उभा असलेला माणूस (तो होम्सच असतो) लांबून, पाठीमागून प्रकाश टाकून घ्या. नाकाची धार दिसली तरी प्रेक्षक ओळखतो.

धुकं पन्हाळ्याचंच हवं, जुलै-ऑगस्टमधलं. पण कथेत ते हळूहळू वाटेवर सरकत येतं आणि खरं धुकं आपलं ऐकत नाही. दोन शॉटमध्ये दाटपणा जुळत नाही. म्हणून लांबचे शॉट पन्हाळ्यावर, जवळचे मोरेवाडीच्या चित्रनगरीत, बंद जागेत धूर सोडून. दिवा समोरून लावलात तर नुसती पांढरी भिंत दिसेल. तो मागून किंवा बाजूनं लावा.

कुत्रा शेवटपर्यंत फक्त ऐकू यावा. कादंबरीत त्याच्या अंगाला फॉस्फरससारखं काहीतरी चोपडलेलं असतं, पण खऱ्या जनावराला काहीही लावायचं नाही. चकाकी नंतर संगणकावर द्या. भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी घ्यावी लागते, तो अर्ज लवकर करा. कॅमेरा कुत्र्याच्या छातीच्या उंचीवर ठेवा, शॉट छोटे घ्या आणि त्याला सांभाळणारा माणूस चौकटीच्या अगदी कडेला उभा करा.