टाचेच्या खड्ड्यातलं पिल्लू

समुद्री कासवांची पिल्लं पाण्यात जाताना पाहायला कोकणातल्या वेळासला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते आणि काकू आमच्यासाठी जेवायच्या थांबल्या होत्या. इथे गावातल्या घरांत उतरायचं. ओटीवर गाद्या आणि पानात गरम भात. मला हा पाहुणचार कुठल्याही रिसॉर्टपेक्षा प्रिय आहे. काकूंना विचारलं, "आज पिल्लं निघतील ना?" म्हणाल्या, "ते त्यांचं त्यांना ठाऊक. आपण जायचं नि बसायचं."

संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर दोनेकशे माणसं होती. जाळीच्या कुंपणात वाळूवर टोपल्या पालथ्या घातलेल्या. प्रत्येक टोपलीखाली एक घरटं. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी रात्री येऊन वाळूत खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि परत जाते. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून घरटी राखणारे कासवमित्र ती अंडी इथे आणून तेवढ्याच खोल पुरतात. पुढचे पन्नासेक दिवस ऊब वाळूचीच. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर. पूर्वी ही अंडी माणसंच उकरून न्यायची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेऊन काम सुरू केलं, तेव्हापासून चित्र पालटलं.

एकेक टोपली उचलली. काहीच नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ चिडले. "एवढ्या लांबून आलो, पोरांना काय सांगू?" कासवमित्राने शांतपणे टोपली परत ठेवली. मला त्या गृहस्थांचा राग आला. समुद्र काही नाट्यगृह नव्हे, ठरल्या वेळी पडदा वर जायला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं, त्यानंतर त्यांच्यावर रागावण्याचा हक्क मला उरला नाही.

सातच्या आधीच आम्ही हजर. गर्दी मागे ठेवणारी दोरी अजून बांधायची होती. समोर बाणकोटच्या खाडीपलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर उजळत होता. फोटो चांगला यावा म्हणून मी दोनचार पावलं पुढे ओल्या वाळूत गेले आणि मागे आले. मग दोरी बांधली गेली, टोपली उचलली, आणि खाली काळपट करडी पिल्लं वळवळत होती. अकरा.

त्यांना पाण्यापासून थोडं अलीकडेच सोडतात. तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. मोठी झालेली मादी अंडी घालायला जन्मल्या किनाऱ्याकडे परतते, आणि त्या किनाऱ्याची ओळख या चालण्यात पटत असावी असं मानतात. दहा पिल्लं सरळ निघाली, मागे वल्ह्यांसारख्या पायांची नक्षी सोडत. अकरावं एका खड्ड्यात पडलं.

तो माझ्या टाचेचा ठसा होता. चपलेची जाळीदार नक्षीसुद्धा ओळखू येत होती.

माणसाच्या घोट्याएवढीही खोली नव्हती, पण पिल्लाला ती भिंत होती. ते पुढचे पाय रोवायचं, वाळू ढासळायची, पुन्हा तळाशी. एकदा उलटं पडलं आणि पोटाकडची बाजू दिसली. माझा हात आपोआप दोरीपलीकडे गेला.

"ताई, हात नको. चढेल ते."

कासवमित्र होता. मग तो म्हणाला, "रोज वाळू सपाट करूनच सोडतो आम्ही. आज हा ठसा राहिला." कुणाचा ते त्याने विचारलं नाही. मीच सांगितलं. त्याने नुसती मान हलवली. मला ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मागे कुणीतरी नाश्त्याचं विचारत होतं. पिल्लू कडेवर हनुवटी टेकून थांबलं, श्वास घेतल्यासारखं, आणि पुढच्या रेट्यात बाहेर आलं. लाटेने त्याला एकदा मागे फेकलं. दुसरी लाट आली, ओसरली, आणि वाळू रिकामी होती.

त्या दिवशी आम्ही बाणकोटचा किल्लाही पाहिला, वेळासमध्ये, नाना फडणवीसांच्या या मूळ गावात हिंडलो, काकूंकडे उकडीचे मोदक खाल्ले. पण त्याआधी, गर्दी पांगल्यावर, मी कासवमित्राच्या हातून फळी मागून घेतली आणि टोपल्यांपासून पाण्यापर्यंतची वाळू सपाट केली. तो वहीत आकडा लिहीत होता. अकरा.